रडीचा डाव आणि मोबाइल

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात बारा ते अठरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना ‘हॅकर’ हा शब्द मी नव्याने सांगायला नको. आपण इकडे दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभ्या असतो आणि बाहेरच्या खोलीतून आरोळी येते, “हॅकर आहे, हॅकर!” आमच्याकडे पहिल्यांदा ही आरोळी उठली तेव्हा सासूबाई काठी घेऊन अंगणात गेल्या होत्या. त्यांना वाटले चोर शिरला. चोरच होता म्हणा, पण मोबाइलमधला. थोरल्याला कोणीतरी भिंतीआडून गोळी घातली होती आणि तो पाय आपटत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? खेळ आहे, आज हरला, उद्या जिंकेल. मीही असेच म्हणत होते. पण या लबाडीपायी आमच्या गल्लीत आठ मुलांची भांडणे झाली, एका मुलाचे दोन दिवस जेवण सुटले, आणि निवाडा करायला मुले माझ्या दारात आली. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते, म्हणून मी ‘मॅडम’. बी. ए. झालेल्या मॅडमला यंत्रातले काय कळणार? पण मुलांना वाटते मॅडमला सगळे कळते, आणि त्यांचा तेवढा समज टिकवायचा तर आपल्याला चार गोष्टी वाचाव्या, विचाराव्या लागतात. त्या वाचल्या. त्याच तुम्हाला सांगते.

आमचे वारंगा फाटा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी बसच्या खिडकीतून पाहिले असेल. नांदेड-हिंगोली रस्त्याला हदगाव-यवतमाळकडचा रस्ता येऊन मिळतो, तिथला हा फाटा. तालुका कळमनुरी. गाडी थांबली की लोक उतरून खिचडी-भजी खातात आणि पुढे जातात. संध्याकाळी दुकानांच्या पायऱ्यांवर पोरे ओळीने बसलेली दिसतील, माना खाली, अंगठे चालू. पूर्वी याच पायऱ्यांवर गोट्या आणि विटीदांडू चालायचे. तेव्हाही भांडणे होत, नाही असे नाही.

खेळ कोणता, तर बीजीएमआय. आधी तो पबजी होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, मग जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तोच खेळ भारतासाठी नवे नाव देऊन आणला. जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला, आणि मे २०२३ मध्ये परत आला. शंभरएक माणसे छत्रीने एका बेटावर उतरतात, बंदुका गोळा करतात, एकमेकांना मारतात आणि जो शेवटी उरतो तो जिंकला. मला हा खेळ मुळीच आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून घरातून जात नाही, हेही तितकेच खरे.

झाले असे. गल्लीतल्या आठ मुलांनी चार विरुद्ध चार असा सामना लावला. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना खिचडी खाऊ घालायची. जिंकलेल्या बाजूत एक मुलगा होता, गावाच्या पार टोकाला राहणारा. वडील नाहीत, आई लोकांच्या शेतात हळद काढायला जाते. फोन मामाने दिलेला, जुना, काच तडकलेली. त्या दिवशी हा पोरगा असा काही खेळला की समोरच्या चौघांना हलू दिले नाही. झाले! “ह्यानं हॅक लावलाय. हा इथं दिसतो अन् तिथून मारायलाय.” खिचडी राहिली बाजूला, दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचे नाव ‘चिटर’ पडले. तिसऱ्या दिवशी त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, माझ्या लेकराला चोर म्हणायलेत. आम्ही गरीब असलो म्हणून काय झालं?” खेळातला ‘चिटर’ तिच्या घरी पोचेपर्यंत ‘चोर’ झाला होता, बघा.

आता निवाडा कसा करावा? आपल्या लहानपणी लपंडावात ज्याच्यावर राज्य तो डोळे झाकून अंक म्हणायचा आणि बोटांच्या फटीतून बघायचा. ते आपल्याला दिसायचे. “बघतोय, बघतोय” म्हणून चार जणी ओरडायच्या आणि राज्य पुन्हा त्याच्यावर यायचे. मोबाइलमध्ये बोटांची फट दिसत नाही, खरी अडचण तिथे आहे.

मुलाकडून समजून घेतले ते साध्या शब्दांत सांगते. लबाडीचे दोन मोठे प्रकार. एकात भिंतीपलीकडचा शत्रू दिसतो. दुसऱ्यात बंदुकीचा नेम आपोआप लागतो, आपण नुसते बोट ठेवायचे. हे शक्य कसे होते? तर पलीकडच्या खोलीत कोण लपले आहे हे तुमच्या फोनला आधीच कळवलेले असते. तो दारातून बाहेर आला की क्षणात दाखवायचा असतो ना, म्हणून तयारी. फोन ते तुम्हाला दाखवत नाही एवढेच. म्हणजे दिवाळीचा फराळ फडताळात ठेवायचा, किल्ली मुलाच्याच खिशात द्यायची आणि वर सांगायचे, ‘बाबा रे, उघडू नकोस.’ फोन त्याच्या हातात आहे. दुसऱ्या कोणी केलेला लबाडीचा प्रोग्राम त्याने त्यात घातला की फडताळ उघडले.

मग कंपन्या काय करतात? फराळ घरी पाठवायचाच नाही, हा एक मार्ग. शत्रू अगदी दिसण्याच्या बेतात आला की मगच कंपनीचा मोठा संगणक ती खबर देतो. व्हॅलोरंट नावाच्या खेळात २०२० पासून असे करतात. पण खबर फार उशिरा दिली तर प्रामाणिक माणसाला शत्रू एकदम हवेतून प्रकटल्यासारखा दिसतो, म्हणून थोडी आधी द्यावीच लागते, आणि त्या थोड्यातच चोराचे काम होते. दुसरा मार्ग पहारेकऱ्याचा. याच व्हॅलोरंटचा पहारेकरी संगणक सुरू झाल्यापासून जागा असतो आणि यंत्राच्या अगदी मुळापर्यंत बघतो. त्यावर तेव्हा पुष्कळ ओरड झाली. चोर येऊ नये म्हणून गुरख्याला तिजोरीची किल्ली द्यायची का, असा लोकांचा सवाल, आणि तो मला रास्त वाटतो. शिवाय चोरही हुशार झाले. आता दुसरा संगणक शेजारी ठेवतात, तो पहिल्यातले वाचतो आणि पहारेकऱ्याला पहिल्यात काही सापडत नाही.

तिसरा मार्ग मला फार आवडला, कारण तो बायकी आहे. पकडला तरी लगेच बोलायचे नाही! मोलकरीण साखर नेते आहे हे कळल्यावर काही बायका चार दिवस गप्प राहून बघतात, तसे. वाल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीची पहाऱ्याची व्यवस्था २००२ पासून आहे. ती चोर ओळखून ठेवते आणि नंतर एकदम पुष्कळांना काढते. लगेच काढले तर प्रोग्राम बनवणाऱ्याला कळते की कोणती युक्ती उघडी पडली, मग तो तेवढीच बदलतो. फॉल गाइज नावाच्या खेळात तर २०२० मध्ये लबाडांना वेगळे काढून आपापसात खेळायला सोडले होते. त्याला नावच दिले होते ‘चीटर आयलंड’, लबाडांचे बेट. घ्या म्हणावे, खेळा!

आपल्या बीजीएमआयमध्ये क्राफ्टन लबाडांची खाती बंद करते, आणि डिसेंबर २०२१ पासून नुसते खाते नाही तर तो फोनच बंद करायला तिने सुरुवात केली. म्हणजे त्या फोनवरून पुन्हा नव्या नावाने येता येत नाही. हे बरे. पण आमच्यासारख्या घरात फोन एकाचा नसतो, थोरल्याचा धाकट्याला, मामाचा भाच्याला असा फिरत येतो. मामाने केलेली लबाडी भाच्याच्या कपाळी येणार, याचा विचार कोणी केला असेल का?

तर पुन्हा आमच्या गल्लीकडे. मी ठरवले की आठही मुलांनी रविवारी आमच्या ओसरीत बसायचे. फोन सगळे एका सुपात ठेवायचे, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याच्या वाट्याला जो येईल त्यावर खेळायचे. रेंजची कुरकुर नको म्हणून ह्यांच्या कृषी सेवा केंद्रातले वायफाय वापरायचे, दुकान घराला लागूनच आहे. तीन डाव झाले. सासूबाई मध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांना कळत काही नव्हते पण त्यांच्या धाकाने शिवीगाळ झाली नाही, हा मोठाच फायदा. तो मुलगा परक्या फोनवर आठांत तिसरा आला.

आता यातून काय सिद्ध झाले? तो चांगला खेळतो, एवढे सिद्ध झाले. त्या दिवशी त्याने लबाडी केली नव्हती, हे काही सिद्ध झाले नाही. दोन मुले तसे म्हणालीही, आणि ती तर्काला धरून बोलत होती. पण मग एक गंमत झाली. त्याचा तडकलेला फोन आमच्या वायफायवर कसा सरळ चालला, आणि वायफाय काढल्याबरोबर त्याचा माणूस पुन्हा इथून गायब होऊन तिथे उगवू लागला! त्याच्या घराकडे रेंज येते-जाते. रेंज तुटली की दुसऱ्यांना तो उड्या मारत येतोय असे दिसते. ‘इथं दिसतो अन् तिथून मारतो’ याचा उलगडा एवढाच होता, निदान बराचसा. सहा मुलांना पटले. एकजण अजून त्याच्याशी धड बोलत नाही. आठ प्लेट खिचडीचे पैसे शेवटी ह्यांनी दिले आणि वर मला विचारले, “तुझ्या कोर्टाची फी कोण देणार?”

रेंजचे हे दुखणे फक्त फाट्यावरचे नाही बरं का. ऑगस्ट २०२० मध्ये बुद्धिबळाचे ऑलिम्पियाड करोनामुळे घरोघरी बसून खेळले गेले. अंतिम सामना भारत आणि रशियाचा होता. ऐन वेळी भारताच्या दोन खेळाडूंचे इंटरनेट गेले, त्यांतली एक आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. वेळ संपून डाव हरल्याचे लागले. भारताने दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा पेपरात फोटो पाहून आमच्या धाकटीने तो कापून कपाटाला आतून चिकटवला आहे.

बुद्धिबळात तर लबाडी आणखी सोपी. शेजारी दुसरा मोबाइल ठेवला की झाले, तो विश्वविजेत्यापेक्षा चांगली चाल सांगतो. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांनी करोनाग्रस्तांच्या मदतीसाठी नामवंतांशी ऑनलाइन डाव खेळले. त्यांत निखिल कामत या मोठ्या उद्योजकाने आनंदना हरवले! सगळे चकित झाले. दुसऱ्या दिवशी कामतांनी स्वतःच सांगितले की संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतली होती. चेस डॉट कॉमने त्यांचे खाते आधी बंद केले, मग पुन्हा चालू केले. मदतीचा खेळ होता, बक्षीस नव्हते, तरीही मोह आवरला नाही. मग नववीतल्या पोराने काय करावे? तिथे पकडण्याची रीत निराळी आहे. तुमच्या चाली यंत्राच्या चालींशी किती जुळतात, सोप्या आणि अवघड चालीला तुम्ही सारखाच वेळ घेता का, हे ते ताडून बघतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंना हे नवे नाही. ज्याला वर्षभर ‘आणि’ शुद्ध लिहिता येत नाही, त्याचा निबंध एकदम अलंकारिक झाला की आपण मान वर करून बघतोच की.

तुम्ही म्हणाल, ओसरीवर समोरासमोर बसवले की प्रश्न मिटला. तेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला मोठी स्पर्धा होती, काउंटर-स्ट्राइक या खेळाची. भारताचा संघ गेला होता. एवढ्या सभागृहात, पंचांसमोर, आपल्या संघातल्या एका खेळाडूच्या संगणकात नेम लावणारा प्रोग्राम सापडला. फाइलीला नाव दिले होते ‘वर्ड’, म्हणजे पत्रे टाइप करायचा साधा प्रोग्राम वाटावा. पंच तपासायला आला तेव्हा तो ती पुसायला धडपडत होता. संघ बाद झाला, पुढे विसर्जितच केला, आणि त्या मुलावर पाच वर्षांची बंदी आली. वाईट मला बाकीच्या चौघांचे वाटते. एकाच्या लबाडीत चौघांची वर्षे गेली. मात्र हेही खरे की तो पकडला गेला तो पंच प्रत्यक्ष पाठीशी उभा होता म्हणून.

हे वाचताना मला आपल्या मराठवाड्यातल्या परीक्षांची आठवण येत होती. आपल्याकडे खिडकीतून चिठ्ठ्या फेकणाऱ्या काकांचे आणि मामांचे किस्से काही कमी नाहीत. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८२ चा आहे. कायदा होता, चिठ्ठ्याही होत्या. फरक दिसला तो २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान मनावर घेतले तेव्हा. केंद्रावर माणसे उभी केली, आणि पालकांना विश्वासात घेतले. मग ते अभियान राज्यभर गेले. कॉपी संपली का? नाही. पण ‘सगळेच करतात’ हे म्हणणे तेवढे सोपे राहिले नाही.

माझी भीती नेमकी त्याच वाक्याची आहे. ओसरीतल्या सामन्यानंतर आठवड्याने थोरला म्हणाला, “आई, सगळेच लावतात. मी एकट्यानं प्रामाणिक राहून मार का खायचा?” त्याच्या ओळखीच्या एका मोठ्या मुलाने टेलिग्रामवरचा गट दाखवला होता. तिथे हॅक विकत मिळतो, दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा, अगदी दुधाचा रतीब लावावा तसा. पोरांनी पोरांसाठी केलेला हा उद्योग नाही. मार्च २०२१ मध्ये चीनच्या पोलिसांनी अशा एका टोळीला पकडले, तिने सुमारे साडेसात कोटी डॉलर कमावल्याचे तेव्हा सांगितले गेले, महागड्या मोटारी जप्त झाल्या. दक्षिण कोरियात असा प्रोग्राम बनवून विकला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. ते खेळ बंद केले हे उत्तमच झाले, कितीतरी घरे त्यात बुडाली. भिंतीआडून गोळी घालणाऱ्याचा मात्र त्यात विचार नाही.

मी थोरल्याला नीतीचे भाषण दिले नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ते दिले की कान बंद होतात. मी त्याला फोनवर त्या फाइलीने मागितलेल्या परवानग्या वाचायला लावल्या. खेळात नेम लावायला एसएमएस कशाला वाचायचे आहेत? फोनबुक कशाला हवे? हे लक्षात घ्या मैत्रिणींनो, कारण ही बाब थेट आपल्या संसाराची आहे. अशी फाइल प्ले स्टोअरवर नसते, बाहेरून घ्यावी लागते, आणि त्यासाठी फोनची सुरक्षा मुलगा आपल्या हाताने काढतो. त्याच फोनवर गॅसचे बुकिंग असते, त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी येतो. एसएमएस वाचण्याची परवानगी दिली म्हणजे ओटीपी वाचण्याची दिली. समोरच्याला भिंतीआडून बघायला निघालेल्या पोराच्या घरातच दुसरा कोणी भिंतीआडून बघत बसतो. थोरल्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

आमच्याकडे आता असे केले आहे: ज्या फोनवर खेळ त्या फोनवर बँक नाही, आणि बँकेचा नंबरही त्यात नाही. शक्य असेल तर तुम्हीही एवढे कराच. बाहेरून आलेली कोणतीही फाइल टाकायची नाही, मग ती खेळाची असो की लग्नपत्रिकेची. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त. बीजीएमआयमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवलेली आहे, पण मुले वय वाढवून सांगतात. खाते उघडताना शेजारी बसा, म्हणजे जन्मसाल खरे पडेल.

तर प्रतिबंध होऊ शकतो का? अनोळखी शंभर जणांत, नाही, पुरता कधीच नाही. कंपन्या लबाडी महाग करतात, त्रासाची करतात, तेवढेच त्यांच्या हातात आहे. ओळखीच्या आठ जणांत मात्र पुष्कळसा होतो. आमच्या ओसरीत आता महिन्यातून एकदा सुपातले फोन घेऊन सामना होतो. तो हळदवाल्या बाईचा मुलगा न चुकता येतो. चहा मलाच करावा लागतो, आठ कप, ते सोडा.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र मला अजून सापडलेले नाही. आमची धाकटी बारा वर्षांची, तीही खेळते, भावापेक्षा बरी खेळते म्हणतात. पण तिने खेळात नाव घेतले आहे मुलाचे, आणि आवाज बंद ठेवते. मुलगी आहे असे कळले की अनोळखी पोरे नको ते बोलतात, नाहीतर ‘हिचा भाऊच खेळत असेल’ म्हणून हिलाच चिटर ठरवतात. परवा भावाशी भांडताना तो म्हणाला, “तू तर नावच खोटं लावतेस, तू मोठी चिटर!” ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “नाव राहू दे तसंच.” थोरला अजून घुश्शात आहे, म्हणतो मॅडमचा निकाल पक्षपाती आहे. तुमच्यापैकी कोणाची मुलगी असे खेळत असेल तर ती काय नाव लावते, ते मला जरूर कळवा.